बाराच्या नावाने आठाची

लिपोव्हा हुत, ३ सप्टेंबर

राडोवान,

तब्येतीची चौकशी शेवटी करीन. आधी भांडण.

सख्ख्या बहिणीला न सांगता सकाळच्या बसने चालता झालास आणि जाताना घराची किल्ली क्विडोकडे दिलीस. क्विडोकडे! ज्याने तीस वर्षं गावाची पत्रं वाटली आणि पत्रांपेक्षा बातम्या जास्त वाटल्या, त्या माणसाकडे! अर्ध्या तासात गावाला कळलं की राडोवानचा बहिणीवर किल्लीएवढासुद्धा विश्वास उरला नाही. ब्रनोला बोहदानाकडे तीनदा फोन केला. तुझी लेक तुझ्यावरच गेली आहे, "आत्या, बाबा झोपलेत" यापलीकडे तिला वाक्य येत नाही. सकाळी अकराला झोपलेला तू? काचेच्या भट्टीवरच्या माणसाला सकाळी अकराला झोप येते हे मी आजच ऐकलं.

म्हणून लिहून सांगते. कागदासमोरून तुला तरातरा उठून जाता येणार नाही.

झालं ते असं. जुलैत मी गुत्त्याच्या तळघरातल्या बिअरच्या नळ्या धुतल्या. भट्टीवर जाणाऱ्या आठाचं पिंप आणि आपल्या बाराचं पिंप तिथे शेजारी शेजारी असतात, तुला ठाऊक आहे. नळ्या परत लावताना अदलाबदल झाली. बारा अंशांची बिअर कडक, आठ अंशांची हलकी, पण नळीला काय कळतंय? तीन आठवडे, फार तर चार आठवडे तुझ्या पेल्यात आठाची गेली असेल. एवढ्यावरून माणूस गाव सोडतो का?

आणि त्या शनिवारी मी तरी काय वाईट केलं? ती सायकलवाली मुलगी घाट चढून आलेली, तोंड लालबुंद, अजून वीस किलोमीटर जायचं होतं तिला. तिने आठाची मागितली. किती शहाणी मागणी! आणि तू कोपऱ्यातल्या टेबलावरून ओरडलास, "पोरी, आठाची आमच्या भट्टीवर असते, घाम भरून काढायला. इथे टेबलावर माणसं बसतात, पाणी पिणारी बदकं नाहीत." सगळे खिदळले. ती बिचारी सरबत मागून दाराजवळ बसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "मग राडोवान, चौदा महिने तू बदकच आहेस. तुझ्या पेल्यात मी आठाचीच ओततेय."

पुढे क्विडोने बदकाचा आवाज काढला, तो काही मी काढायला सांगितला नव्हता. सोमवारी भट्टीवर सगळ्यांनी काढला, तोही नाही. आणि "चौदा महिने" हे रागाच्या भरात तोंडातून गेलं. रागात माणूस आकडा फुगवतो.

तब्येत कशी आहे? उत्तर पाठव.

हेडविका


लिपोव्हा हुत, १९ सप्टेंबर

राडोवान,

उत्तर नाही. पण पत्र वाचलंस हे कळलं, कारण बोहदानाने फोनवर निरोप दिला: "बाबा म्हणतात, नळी बदलली असती तर सगळ्या टेबलाने आठाची प्यायली असती."

झालं समाधान? पकडलंस मला. एवढी अक्कल आहे तर दोन ओळी खरडायला हात का दुखतो?

बरं. नळी बदलली नव्हती. चौदा महिने खरे, गेल्या वर्षीच्या जूनपासून. करायला अवघड काहीच नव्हतं. आपल्याकडे टेबलावर बसलेला माणूस बिअर मागतच नाही. पेला रिकामा झाला की भरलेला समोर येतो, नको असेल त्याने पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. शिवाय तू काचेतून पीत नाहीस. चाळीस वर्षं काच फुंकणारा माणूस, काचेचा पेला हाती आला की पिण्याआधी त्यातले बुडबुडे शोधत बसतोस, काठ वाकडा म्हणून बनवणाऱ्याच्या बापाचा उद्धार करतोस. म्हणून तुझ्यासाठी मातीचा पेला. मातीतून रंग दिसत नाही. भट्टीचे कॅन रोज सकाळी माझ्याकडेच भरतात, तेव्हा आठाचा नळ हाताशी होताच. वर दोन बोटं फेस चढवला की काम झालं.

आणि तू काय म्हणायचास? "हेडविका, आजची बाराची भरदार आहे!" मी काउंटरखाली वाकून हसायचे. हसले ते चुकलं, मान्य.

पण ही माझ्या डोक्यातली कल्पना नव्हे. ब्लांकाने सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलात, माझा हात धरून तुझी बायको म्हणाली, "त्याच्या पिण्याकडे तू बघ." जाणाऱ्या बाईचा शब्द मी मोडायचा होता का? तू सांग.

आणि मला एकदा कळू दे, त्या आठाचीत वाईट काय आहे? तीस वर्षं नळामागे उभी आहे मी, दोन्ही पिणारी माणसं पाहिली आहेत. बाराचीचा पहिला पेला स्वर्ग, दुसरा बरा, तिसऱ्याला चव कळत नाही आणि चौथ्याला कोणीतरी कोणाच्या तरी बायकोबद्दल काहीतरी बोलतं. पाचव्यापासून मी पेले नाही, माणसं आवरते. आठाचीचा सहावा पेला पहिल्यासारखाच लागतो. थोडी कडसर, थोडी भाकरीच्या वासाची, आणि घशाला हवी तेवढी गार. सुरू केलेली गोष्ट शेवटापर्यंत सांगता येते. पत्ते दिसतात. माणूस उठतो तो स्वतःच्या पायांवर, आणि काल काय बोललो हे त्याला दुसऱ्याकडून ऐकावं लागत नाही. कडक बिअर माणसाला टेबलावरून लवकर उठवते, हलकी बसवून ठेवते. मग टेबलावर येता कशाला तुम्ही, बसायलाच ना?

भट्टीवर तुम्ही सगळे तीच पिता, दिवसाला दोन-दोन लिटर. हजार अंशांच्या तोंडापुढे बाराची पिऊन उभे राहिलात तर तापलेली फुंकनळी स्वतःच्याच पायावर घ्याल. तिथे आठाची पिणारा तो कारागीर. आणि पाच वाजता रस्ता ओलांडून माझ्या गुत्त्यात आलात की तीच आठाची पिणारा आजारी, बायकोच्या धाकातला, बदक! रस्त्याची रुंदी किती, बारा पावलं. बारा पावलांत पुरुषांची अब्रू बदलते. हा नियम कोणी केला त्याला माझ्यासमोर आणा, त्याच्या डोक्यावर मी कॅन ओतते.

माझे हाल विचारू नकोस, तू विचारणारही नाहीस. लोक आधी तुला हसले, मग माझ्याकडे बघायला लागले. आता जो तो पेला खिडकीच्या उजेडात धरून रंग तपासतो. "हेडविका, ही नक्की बाराची ना? की मलाही पंख फुटलेत?" रोज तेच, आणि रोज तेच हसणं. भट्टीचा फोरमन वेगळाच रडतो. मोठ्या पेल्यांची ऑर्डर अंगावर आहे आणि तुझ्या जागी योनाश बसतो. त्याने ओढलेला पेल्याचा दांडा पाहिला मी. त्यापेक्षा बगळ्याचा मोडका पाय सरळ असतो.

लिही. शिव्या लिही, पण लिही.

हेडविका


लिपोव्हा हुत, ६ ऑक्टोबर

राडोवान,

भिंतीला दोन पत्रं लिहिली असती तर निदान एखादा पोपडा तरी पडला असता.

काल बोहदानाने आपण होऊन फोन केला. रडत होती. "आत्या, बाबा खालच्या पबमध्ये जातात. तिथे तेराची मिळते. त्यांच्या हाताची थरथर पुन्हा सुरू झालीय. शर्टाचं बटण लावायला मला हाक मारतात, आणि मी लावलं की माझ्यावरच चिडतात."

तेराची! बाराची पुरेना म्हणून तेराची! कोणाला दाखवतोयस? तिथे तुला ओळखतं कोण? ब्रनोतल्या त्या पबमध्ये तू मास्टर आहेस हे कोणाला ठाऊक आहे? मला धडा शिकवायचा म्हणून स्वतःचा हात घालवणार? शेजारणीचं दूध नासावं म्हणून स्वतःची गाय मारणारा माणूस तू.

मागच्या वर्षीचा मे महिना आठव. ब्लांकाला जाऊन महिना झाला होता. भट्टीवर दांडा ओढताना तुझा हात थरथरला आणि एका सकाळी अकरा पेले फुटक्या काचेच्या पेटीत गेले. फोरमन माझ्याकडे येऊन बसला होता, हे तुला माहीत नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "हेडविका, शरद संपेपर्यंत वाट बघतो. नाही सुधारला तर त्याला पॅकिंगला बसवावं लागेल. मला सांगवत नाही ग, तूच सांग." तुला, पॅकिंगला! गवत आणि खोके! मी ते तुला कसं सांगणार होते? मी सांगितलं नाही. मी नळ बदलला.

आणि सप्टेंबरात तुझ्या हाताची थरथर थांबली. फोरमनने पुन्हा तोंड उघडलं नाही. या उन्हाळ्यात तू ते लांब दांड्याचे पेले ओढलेस, ते बघायला शहरातून माणसं आली. तुला वाटलं बाराची प्यायलास म्हणून. बरं, वाटू दे म्हटलं.

आता खरं सांगते, कारण खोटं सांगून काही हाती लागलं नाही. ब्लांका काही बोलली नव्हती. शेवटच्या आठवड्यात ती पाण्याशिवाय काही मागत नव्हती. मेलेल्या बाईच्या तोंडी मी शब्द घातले, देव माझं काय करायचं ते करेल.

मला कोणी सांगितलं नव्हतं. मला लुमिर आठवला. माझा नवरा कशाने गेला ते गावाला ठाऊक आहे, पण त्याला कोणी पाजलं ते कोणी बोलत नाही. प्रत्येक पेला मी भरला, राडोवान. अकरा वर्षं, याच नळावर, याच हाताने. रिकामा पेला दिसला की हात आपोआप उठायचा, धंद्याची सवय. डॉक्टरांनी नको म्हटल्यावरही तो संध्याकाळी माझ्याकडे बघून पेला पुढे सरकवायचा आणि मी भरायचे, कारण टेबलासमोर नवऱ्याला नाही म्हणणारी बाई म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. शेवटचा पेलासुद्धा मीच भरला. पुन्हा एकदा तसंच करायचं माझ्याच्याने झालं नाही. एवढंच आहे सगळं. यात कारस्थान नाही, धूर्तपणा नाही, एक घाबरलेली बाई आहे.

आता तरी बोल. तू गप्प बसलास की मला लुमिर गेल्यानंतरचं घर आठवतं.

हेडविका


ब्रनो, १४ ऑक्टोबर

हेडविका,

उत्तर हवं ना, घे. अक्षर वाईट आहे, कारण तुला माहीत आहे.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. घोट घेण्याआधीच, फेसावरून. आठाचीचा फेस लवकर बसतो, तू कितीही चढव. चाळीस वर्षं दिवसभर तीच पितोय मी, आणि मला ती ओळखू येणार नाही असं तुला वाटलं? सगळ्यात जास्त राग मला याचा आला.

बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू थांबली असतीस. ब्लांका गेल्यावर पाच वाजता घरी जाऊन करायचं काय? टेबलावर बसायचं होतं. बाराचीवर बसलं की सकाळी हात हलतो. आठाची तोंडाने मागून घ्यावी, तर आपल्या टेबलावर जो आठाची मागतो त्याला पहिला प्रश्न येतो, डॉक्टर काय म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते फोरमनच्या कानावर. तू न मागता देत होतीस. मला वाटलं, हिला सगळं कळलंय आणि ही कळल्याचं दाखवत नाही. कोणी माझ्यासाठी एवढं शहाणपणाने वागलं नव्हतं. "भरदार आहे" म्हणायचो ते तेवढ्याचसाठी. तू खाली वाकून हसायचीस ते दिसायचं. बरं वाटायचं.

त्या सायकलवाल्या मुलीला बोललो ते वाईट बोललो. चोरून पिणाऱ्यालाच मोठ्याने ओरडावं लागतं.

ब्लांकाचं कबूल केलंस ते बरं केलंस. ती तुला घाबरायची, तुझ्याकडे तिने मीठसुद्धा मागितलं नसतं. फोरमनचं मला माहीत नव्हतं.

परत येणार नाही. ते तुझ्यामुळे नाही. आता आलो तर सगळे पेल्यात डोकावणार. बाराची पिऊन दाखवली तर हात जातो, आठाची प्यायलो तर मी बदक. चाळीस वर्षं ज्यांना शिकवलं त्या पोरांसमोर बदक होऊन मला फुंकनळी धरता येणार नाही. फोरमनला सांग, माझ्यासाठी थांबू नकोस.

राडोवान


लिपोव्हा हुत, २१ ऑक्टोबर

गाढवा,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा रडून, तिसऱ्यांदा पुन्हा चिडून. चौदा महिने तू मला सांभाळून घेत होतास आणि मी तुला, दोघांनाही वाटत होतं आपणच हुशार. आणि मी ते एका वाक्यात मोडलं, अनोळखी पोरीसमोर, एका सरबताच्या ग्लासावरून. तोंड आवरत नाही ही माझी जुनीच खोड. पण तूही एकदा, एकदाच, भांडी घासताना हळूच म्हणाला असतास, "हेडविका, मला कळतंय", तर मी जीभ कापून ठेवली असती. आपल्या घरात खरं बोलायला काय कर लागायचा?

असो. आता मी काय केलं ते वाच.

रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळे गुत्त्यात आले. फोरमन होता, योनाश होता, क्विडो त्याच्या खुर्चीत. पेले उजेडात धरायचा रोजचा खेळ सुरू झाला. मी नळ बंद केला आणि म्हटलं, "ऐका. राडोवानबद्दल मी खोटं बोलले. त्याच्या पेल्यात कायम बाराचीच होती."

कोणी विश्वास ठेवीना. क्विडो म्हणाला, "वा! आता गिऱ्हाइकं कमी झाली तेव्हा आठवलं होय?"

मी म्हटलं, "आठवायचं काय त्यात? त्याने माझ्या गिऱ्हाइकाला हिणवलं, मला राग आला. भाऊ आहे माझा, कुठे टोचलं की दुखतं ते मला नेमकं ठाऊक आहे. टोचलं."

"आणि तो? त्याने का नाही सांगितलं की बाराचीच होती म्हणून?"

"कोणाला सांगणार? तुम्ही सगळे पंख फडफडवत होतात ना!"

 मग क्विडो म्हणाला, "आईची शपथ घे."

चर्चमागची आईची कबर त्याच्या खुर्चीतून दिसते, राडोवान. मुद्दाम तिकडे बघून म्हणाला. ती तुझी जास्त लाडकी होती, म्हणून तुला सांगणं भाग आहे. मी घेतली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आवाज हलला नाही, हेच मला नंतर दिवसभर टोचत राहिलं.

मग मात्र त्यांनी विश्वास ठेवला. फोरमन उठला. "म्हणजे तुझ्या जिभेपायी माझा सगळ्यात चांगला माणूस गेला," म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला. योनाशने मान खाली घातली. पोरगा चांगला आहे, स्वतःचे दांडे त्यालाही दिसतात. क्विडो अर्धा पेला तसाच टाकून उठला. मी त्याला तीस वर्षं ओळखते, थेंब टाकलेला पाहिला नाही. दारातून म्हणाला, "हेडविका, तू वाईट बाई आहेस." काल बेकरीतही तेच. बेकरीणबाईने पाव पिशवीत न घालता काउंटरवर ठेवला. गावाच्या लेखी आता मी सख्ख्या भावाची खोटी नालस्ती करून त्याला घराबाहेर काढणारी बाई, आणि तू बाराचा गडी. तुझ्या पेल्यात आता कोणी डोकावणार नाही. ज्याच्यावर एकदा अन्याय केला त्याच्या पेल्यात डोकावायला लोकांना लाज वाटते.

तेव्हा हे पत्र वाचून झालं की फाड. बोहदानालासुद्धा दाखवू नकोस. आणि ये. हात थोडे दिवस त्रास देईल, मागच्या वेळी अडीच महिने लागले होते. तोवर फोरमनला सांग खांदा धरलाय, नव्या पोरांना दांडा ओढायला शिकवतो. पाच वाजता तुझ्या जागेवर बैस. मातीच्या पेल्यात काय ओतायचं ते माझ्यावर सोड.

फक्त माझ्याशी बोलू नकोस. जिने आपलं असं हसं केलं तिच्याशी कुठला भाऊ लगेच बोलतो? बोललास की क्विडो डोकं चालवायला लागेल, आणि ते त्याला चांगलं चालवता येतं. पेला ठेवीन तेव्हा वर बघू नकोस. "भरदार आहे" म्हणू नकोस. नाताळला जेवायला येऊ नकोस. मी मासा पाठवीन तो परत पाठव, भर रस्त्यातून, बायकांना दिसेल असा. वर्ष जाऊ दे, दोन जाऊ देत.

दीड महिना तू बोलत नाहीस म्हणून तुझ्या नावाने खडे फोडले. आता मीच मागते आहे. चिडलेला राहा, राडोवान, आणि रोज ये.

हेडविका